पटलं नाही, कारण देतो

भागीरथाशी आयुष्यात पहिल्यांदा कुणी नीट भांडलं, तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. नीट म्हणजे आवाज न चढवता, तिचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घेऊन, आणि मग ते चूक का आहे हे सांगत. तोवर लोक तिला एकतर हो म्हणत, नाहीतर गप्प बस म्हणत.

ती मूळची उमरेडची, कोष्ट्याच्या घरातली. वडिलांचा हातमाग होता, आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. बारावीची परीक्षा झाली आणि निकाल लागायच्या आत तिचं लग्न ठरलं. नागपुरात, सक्करदऱ्याला, ईश्वरदासच्या घरी ती आली. सासरचेही माग तोवर बंद पडले होते. ईश्वरदास इतवारीतल्या साड्यांच्या दुकानात लागला, गिऱ्हाइकासमोर सुरतच्या मालाच्या घड्या उलगडू लागला, आणि अजून तेच करतो. माणूस भला. दारू नाही, तोंडात शिवी नाही. बोलणंही नाही. जेवताना "मीठ कमी हाय" किंवा "भाजी चांगली झाली", याच्यापुढे त्या संसारात फारसा मजकूर नव्हता.

मुलगी हर्षा नोकरीसाठी पुण्याला गेली आणि दुपारच्या वेळी घरात नुसता पंखा ऐकू येऊ लागला. मुक्त विद्यापीठाचा प्रवेशअर्ज हर्षानंच भरला. "आई, तू बी.ए. कर. दिवसभर करतेस काय एकटी?" हर्षा आताशा पुण्याचं बोलायची. "या वयात मले काय येते वं?" असं भागीरथा म्हणाली खरी, पण पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा तिनं हात धुऊन ते उघडलं.

फोनमध्ये विद्यापीठाचं ॲप होतं आणि ॲपमध्ये एक चर्चामंच. रविवारचे वर्ग कोरोनात बंद पडले ते पुन्हा सुरू झालेच नव्हते. त्याऐवजी अभ्यासकेंद्राच्या श्वेता मॅडम दर सोमवारी मंचावर एक प्रश्न टाकत. प्रत्येकानं आपलं उत्तर लिहायचं आणि दुसऱ्या दोघांच्या उत्तरावर काहीतरी म्हणायचं. त्याला गुण होते. एक नियम मात्र कडक होता. मंचावर कुणी फोन नंबर द्यायचा नाही, मागायचा नाही. आदल्या वर्षी कुणीतरी मुलींना त्रास दिला होता म्हणे.

पोरंपोरी गुणांपुरतं लिहीत. "छान उत्तर." "खूप छान माहिती." "सहमत." भागीरथाला वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल.

पहिला प्रश्न होता, यंत्रांनी माणसाचं काम सोपं केलं की हिरावून घेतलं? तिनं आधी फोनला बोलून पाहिलं, कारण फोन ऐकून लिहितो असं हर्षानं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मले वाटते का." फोननं लिहिलं, "मेले वाटते का." तिनं पुन्हा सावकाश सांगितलं, फोननं पुन्हा मेलेच लिहिलं. मग तिनं बोटानं एकेक अक्षर शोधलं आणि जसं तोंडात होतं तसंच लिहिलं:

"मले वाटते का मशीननं हिसकूनच घेतलं. माह्या बाबाचा माग होता. एक लुगडं विनाले लय दिवस लागत, पन त्याच्यात मानूस दिसे. आता दुकानातली साडी पाहा, त्याच्यात कोनीच दिसत नाही."

खाली ऋषी नावाच्या पोरानं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड टाकलं आणि लिहिलं, "काकू, हे मराठी आहे का?" त्यावर पटापट अंगठे पडले. भागीरथानं फोन उपडा ठेवला आणि उगाचच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा धुतला. लिहिलेलं पुसायचं कसं हे तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिनं ते तेव्हाच पुसलं असतं आणि पुढचं काही घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली एक लांब मजकूर आला होता.

"आदरणीय भागीरथाताई, आपले उत्तर दोनदा वाचले. पटले नाही. कारण देतो. मी सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीत उमर काढली. आरंभी आम्ही कोळसा टोपलीने डोक्यावर वाहत असू. यंत्र आले, तेव्हा माझ्या छातीला पहिल्यांदा विसावा मिळाला. आपल्या वडिलांच्या लुगड्यात माणूस दिसत असेल. परंतु तो सुखात आहे की थकलेला, हेही पाहिले पाहिजे. एक विचारतो, राग मानू नये. आपल्या आईला ते काम आवडत होते काय? आपला, धोंडबा मेश्राम, सावनेर."

भागीरथा खुर्चीवर बसली. आईला काय आवडतं हे कधी कुणी विचारलंच नव्हतं, तिनंसुद्धा नाही. तिला आठवली ती दिवेलागणीला उंबऱ्यात बसलेली आई. दिवसभर चरखा फिरवून तिचा उजवा हात वर जात नसे, म्हणून तिची वेणी भागीरथाच घालायची. आणि पोरींपैकी कुणी मागाजवळ गेलं की आई हातावर चापट मारायची, "नको लावू हात! लागन तुले," जणू तो माग म्हणजे खरूज होता.

तिनं लिहिलं, "आईले नाही आवडे. ती आमाले मागाले हात लावू देत नव्हती. म्हंजे माहा मुद्दा थोडा चुकला. पन पुरा नाही चुकला. बाबाले आवडे. एकाच घरात एकाच कामाचे दोन अर्थ होते, हे मले आता समजून राहिलं."

दुपारी उत्तर आलं. "हे मान्य. परंतु अर्धेच."

अर्धेच! ती स्वयंपाकघरात एकटीच हसली.

तिथून जे सुरू झालं ते तीन वर्षं चाललं. सोमवारी प्रश्न यायचा. बाकीचे आपापलं 'छान' लिहून निघून जात, आणि त्या प्रश्नाच्या खाली ही दोघंच उरत, बाजार उठल्यावर मागं राहून बोलत बसलेल्या दोन माणसांसारखी. मोबाइलनं पोरं बिघडली का, म्हाताऱ्यांनी मुलांकडे राहावं का, गाव चांगलं की शहर. धोंडबा मेश्राम कधी पटकन हो म्हणत नसत. त्यांचं मराठी आखीव होतं. खाणीतली पाळी संपल्यावर बुद्धविहाराच्या वाचनालयात बसून, भाषणं ऐकून, जुनी मासिकं वाचून त्यांनी ते कमावलं होतं, असं त्यांनीच एकदा लिहिलं होतं. "बोलताना मी गावचाच आहे. परंतु लिहायला बसलो की अंगरखा चढवल्यासारखे वाटते."

भागीरथाला तो अंगरखा हवासा वाटू लागला. तिनं त्यांचे शब्द उचलले. 'परंतु' आधी आला. मग 'तथापि'. 'उलटपक्षी' तिला इतका आवडला की तो तिनं कोहळं विकणाऱ्या माणसाला ऐकवला. "तू म्हंतं का महाग झालं. उलटपक्षी, काल तं स्वस्त होतं." त्या माणसानं घाबरून कमी भाव लावला. ईश्वरदास जेवताना म्हणाला, "भाजीत तेल जास्त हाय," तर ती म्हणाली, "माझ्या मते तेल बरोबर आहे. तुम्हाला जास्त का वाटतं, ते सांगा." ईश्वरदासचा घास हातातच राहिला. "आता तेलाचं काय सांगू वं?" म्हणाला, आणि जेवू लागला.

तो हसला असता, चिडला असता, तरी तिला चाललं असतं.

हळूहळू तिचं लिहिणं बदललं. 'मले' जाऊन 'मला' आलं, 'काहून' जाऊन 'का' आलं. एरवी कधीच बाजू न घेणाऱ्या श्वेता मॅडमनी लिहिलं, "भागीरथाताईंची प्रगती उल्लेखनीय." ऋषीनंही एकदा "काकू, भारी" असं लिहिलं, आणि ते मनापासून असावं. धोंडबांनी मात्र त्याच आठवड्यात लिहिलं, "ताई, आपण काहून लिहिणे सोडलेत, हे मला पटले नाही. नुसत्या 'का'मध्ये जीव नसतो. 'काहून' विचारले की समोरच्याला उत्तर द्यावेच लागते." त्यांच्या आखीव अक्षरांत तो एकच शब्द घरच्या कपड्यांत येऊन बसला होता. तिनं तो कितीदा वाचला कुणास ठाऊक.

तिला त्यांचा चेहरा माहीत नव्हता. ॲपमध्ये त्यांच्या नावापुढे नुसतं राखाडी वर्तुळ होतं. वय साठीच्या पुढचं, बायको अंजनाबाई, नात शाळेत, एवढंच उत्तरांमधून कळलेलं. तिला त्यापेक्षा जास्त नकोही होतं. हवं होतं ते सकाळी चहाच्या वेळी येणारं. कुणीतरी तुमच्या शब्दाला शब्द लावून पाहिलाय, उलटा करून पाहिलाय, आणि तो कुठं तोकडा पडतो ते तुम्हाला सांगायला आलंय. पोट भरल्यासारखं वाटायचं तिला. आणि दुपारपर्यंत पुन्हा भूक लागलेली असायची.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शेवटचा प्रश्न आला, भाषा घरात शिकली जाते की शाळेत? भागीरथानं त्यावर फार विचार केला. भांडी घासताना, पाणी भरताना, दत्ताच्या देवळात रांगेत उभी असताना. मग लिहिलं, "माझ्या मते भाषा घरातही नाही शिकली जात आणि शाळेतही नाही. ती भांडताना शिकली जाते. ज्याच्याशी भांडावंसं वाटतं असा माणूस भेटेपर्यंत आपल्याजवळ शब्द असतात, भाषा नसते. मेश्रामजी, आता यावर बोला."

दुसऱ्या सकाळी ॲप उघडलं तर पाटी होती, "या तुकडीचा चर्चामंच बंद झाला आहे." तीन वर्षांचं सगळं त्या पाटीमागं गेलं होतं. तिनं केंद्रावर फोन केला. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, ते ऑटोमॅटिक बंद होते. आता काही दिसत नाही." तिनं विचारलं, "उत्तर यायचं राहिलं होतं एक. ते कुठं गेलं असेल?" तो म्हणाला, "मार्क तं मिळाले नं तुमाले?"

परीक्षा झाली. तिचं केंद्र नागपूर, त्यांचं सावनेर. उन्हाळा आला. कूलरमध्ये पाणी ओतताना, कुरडया वाळत घालताना ती मनात धोंडबांचं उत्तर बनवून पाही. ते काय म्हणाले असते? "पटले नाही" तर नक्कीच. पण कारण? कारण काही तिला सुचत नसे. त्यांच्याजवळ काही खास असणार, तिच्या डोक्यात न येणारं, म्हणून तर ते हवं होतं. हर्षा फोनवर म्हणाली, "आई, पास होशील गं, कशाला टेन्शन घेतेस?" भागीरथा "हो" म्हणाली. आपल्याला कशाची हुरहूर लागली आहे हे पोरीला कोणत्या शब्दांत सांगावं, ते तिला समजेना. परक्या माणसाची आठवण येते म्हणावं तर अर्थ भलताच. आणि तसं नव्हतंही.

निकाल लागला. पदवीचे कागद केंद्रावरच्या छोट्या कार्यक्रमात मिळणार होते, आणि सावनेरचे विद्यार्थीही तिथंच येणार होते. भागीरथानं करवती काठाची साडी काढली. ईश्वरदासनं दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. स्वतःहून घेतली, हे सांगायला हवं. ऑटोत ती मनात वाक्यं जुळवत होती. मेश्रामजींशी त्यांच्यासारखंच बोलायचं. आपण, परंतु, तथापि.

सभागृहात माइकची शिट्टी वाजत होती, पोरं फोटो काढत होती. श्वेता मॅडमनीच एका बुटक्या, जाड चष्म्याच्या, पांढऱ्या सदऱ्यातल्या गृहस्थांना आणून तिच्यासमोर उभं केलं. "घ्या, आपल्या मंचाचे दोन्ही पैलवान!" म्हणाल्या आणि दुसरीकडे गेल्या.

"नमस्कार," भागीरथा म्हणाली. "मी भागीरथा. आपल्याला भेटून फार आनंद झाला."

"जयभीम, जयभीम! अरे बापा, तुमी व्हय का त्या?" धोंडबा मोठ्यानं हसले. "म्या तं समजलो होतो का कोनी लय धिप्पाड बाई असन! अंजना, पाह्य वं, ह्या त्या उमरेडवाल्या. लय भांडल्या माह्याशी."

अंजनाबाईंनी तिचा हात धरला. "तुमीच का? ह्यायचा चहा रोज थंडा होऊन जाये तुमच्यापायी. उठले का फोन. म्या म्हनो, आधी तोंड तं धुवा."

म्हणजे तिकडेही चहा थंड होत होता. भागीरथानं धीर केला. "मला आपल्याशी त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलायचं होतं. आपलं उत्तर राहिलं."

"कोनता वं तो?"

"भाषा घरात शिकली जाते की शाळेत."

"हा, हा. तो होता खरा." ते आठवू लागले, चष्मा वर-खाली केला. "तुमी काय लिवलं होतं त्याच्यात?"

ती सांगू लागली. माइकवर कुणाचंतरी नाव पुकारलं गेलं. ईश्वरदास शेजारी उभा होता, धोंडबांकडे पाहून नम्रपणे मान हलवत होता. तिच्या तोंडून आलेली वाक्यं तिलाच पाठ केल्यासारखी वाटली. भांडताना शिकली जाते, असं ती म्हणाली, आणि त्या गलक्यात ते एवढंसं वाटलं.

धोंडबांनी पूर्ण ऐकलं. मग आदरानं मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. अगदी बरोबर."

ती थांबली. अजून काही येईल म्हणून थांबली. पण ते ईश्वरदासकडे वळले होते. "तुमी कोठी असता, दादा? इतवारीत? वा." मग पावसाचं निघालं, सावनेरच्या रस्त्याचं निघालं. तीन वर्षांत एकदाही पूर्ण हो न म्हणालेला माणूस पहिल्या भेटीतच हो म्हणून मोकळा झाला होता. त्यात त्याचा दोष नव्हता. समोर आलेल्या, नवऱ्याबरोबर उभ्या असलेल्या बाईला तोंडावर चूक म्हणायचं नाही, एवढी रीत त्याच्याजवळ होती. आणि तिच्याजवळही होती. ती तरी कुठं म्हणाली, की मेश्रामजी, असं कसं, नीट भांडा?

"तुम्ही एम.ए.ला येणार ना?" निघताना तिनं विचारलं.

"कायले? बी.ए. व्हाचं होतं, झालं. बाबाची इच्छा होती माह्या. आता डोळेही साथ देत नाही." त्यांनी पदवीचा कागद छातीशी धरला होता, नव्या बाळासारखा. "दारावर पाटी लावनार हाय. धोंडबा मेश्राम, बी.ए."

त्यांचा आनंद खरा होता, आणि तो पाहून तिला आनंद झाला, हेही खरं. परतताना ऑटोत ईश्वरदास म्हणाला, "चांगला मानूस हाय." ती म्हणाली, "हो." रस्त्यात कुठंतरी तिला वाटलं, की आपण आज त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोललो आणि एक शब्दही झाला नाही.

फोन नंबर मात्र आता मिळाला होता. तेव्हापासून रोज सकाळी सावनेरहून फूल येतं. गुलाब, कमळ, कधी सूर्योदय, खाली 'सुप्रभात'. ती हात जोडलेले पाठवते. एकदा तिनं न राहवून लांबलचक मजकूर लिहिला. आता पोरं परीक्षेची उत्तरं मशीनकडून लिहून घेतात, त्याबद्दल. त्यात मुद्दाम एक कच्चा मुद्दा ठेवला, त्यांनी धरावा म्हणून. संध्याकाळी उत्तर आलं. एक अंगठा.

एम.ए.ला तिनं एकटीनंच नाव घातलं. तिथंही चर्चामंच आहे. तिथं आता कुणी 'छान' लिहून पळत नाही; उत्तरं लांब असतात, शुद्ध असतात, प्रत्येकात तीन मुद्दे आणि शेवटी समारोप. आणि सगळी एकाच माणसानं लिहिल्यासारखी, तो माणूस मात्र कुठंच राहत नसल्यासारखी. भागीरथा त्यांच्याशी वाद घालते. कारणं देते, प्रश्न विचारते, 'काहून' लिहिते. पुढून लगेच येतं, "आपला दृष्टिकोन अत्यंत मोलाचा आहे." त्यानंतर तिला काही लिहावंसं वाटत नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिला बोलीभाषेवर निबंध लिहायचा होता. पेन घेऊन बसली आणि स्वतःचं पहिलं पान भरलं. मग तिला ते फार एकटं वाटलं. दुसऱ्या पानावर तिनं उलट बाजू लिहायला घेतली, 'परंतु'पासून. आखीव, अंगरखा घातलेली वाक्यं आपोआप येऊ लागली. खाणीतला माणूस बोलू लागला. त्यानं तिच्या पहिल्या पानातली ढिली जागा बरोबर हेरली, तिच्या आईला मध्ये आणलं, राग मानू नये म्हणाला. तिला ठाऊक नसलेलंही एकदोनदा बोलून गेला. अख्खी दुपार गेली. दूधवाला बेल वाजवून निघून गेला, तिला कळलं नाही.

निबंध तपासून आला. नव्या मॅडम, चारुलता त्यांचं नाव, त्यांनी समासात लाल शाईनं लिहिलं होतं, "विरोधी बाजू अतिशय ठाम. तुमची स्वतःची बाजू तिच्यापुढे कमी पडते. पुन्हा लिहा."

तिनं ते ईश्वरदासला वाचून दाखवलं. तो चपला घालत होता.

"म्हंजे फेल झाली का तू?"

"नाही."

"मंग?"

"हरले," भागीरथा म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा आवाज असा काही निघाला की ईश्वरदासनं एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन वर पाहिलं. मग म्हणाला, "कोनाशी वं?"

पण दुकानाची वेळ झाली होती. तो गेल्यावर तिनं दार लोटलं, पंखा लावला, आणि कोरा कागद पुढं ओढून बसली. लिहायला तिच्याजवळ पुष्कळ होतं. तरी ती किती वेळ नुसतीच बसून राहिली, मान जराशी कलती करून, पलीकडून कुणी खाकरेल अशी.